व्हिडिओ गेम खेळून तोल सुधारायचा असेल तर: घरातल्या ज्येष्ठांसाठी बारा आठवड्यांचा आराखडा

एका घरी गेले तेव्हा आजोबा सोफ्यावर बसून टीव्हीवर टेनिस खेळत होते. हातात छोटा कंट्रोलर. मनगटाला एक झटका दिला की पडद्यावरचा खेळाडू कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा. सुनेने परदेशातून येणाऱ्या भावाकडून मोठ्या हौसेने तो संच मागवला होता, "बाबांचा तोल सुधारेल म्हणून." आजोबांचे गुण रोज वाढत होते. मला दारापर्यंत सोडायला उठले तेव्हा मात्र त्यांनी आधी सोफ्याचा हात धरला, मग टीव्हीचं टेबल, मग भिंत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकमध्ये घरोघरी जाऊन ज्येष्ठांचे व्यायाम घेते. गेम मला आवडतात, आणि तोलासाठी ते खरंच उपयोगी पडतात हेही मी पाहिलं आहे. पण फायदा होतो तो पायांमधून. पाऊल जागचं हललं नाही, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला नाही, तर पडद्यावर कितीही गुण मिळोत, तोलाच्या खात्यात काही जमा होत नाही. या लेखातला प्रत्येक सल्ला या एका कसोटीवर घासून घेतलेला आहे.

पाऊलच का

तोल जाणं रोजचंच आहे. तरुणपणीही तो दिवसातून दहादा जातो, फक्त पाऊल आपसूक पडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय आणि तळपाय-घोट्यांतून येणारी जाणीव या तिघांच्या निरोपावर मेंदू अंग सावरतो. किंचित झोक गेला तर घोट्यातून, जरा जास्त गेला तर कमरेतून आणि त्याहीपलीकडे गेला तर पाऊल टाकून. वय वाढतं तसे हे निरोप उशिरा पोचतात. मधुमेह जुना असेल तर तळपायांचा निरोप जवळजवळ बंदही होऊ शकतो. मग पाऊल पडतं, पण उशिरा पडतं किंवा आखूड पडतं.

त्यात लक्ष दुसरीकडे असलं की आणखी पंचाईत. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक साधं निरीक्षण मांडलं होतं: चालताना कोणी बोलायला लागलं की ज्या वृद्धांना थांबावं लागतं, ते पुढच्या काळात जास्त पडतात. घरात माणूस पडतो तोही असाच. दाराची बेल वाजली, फोन आला, दूध उतू जातंय असं वाटलं आणि पाय पायपुसण्यात अडकला.

पावलांचा गेम नेमकी हीच कसरत करून घेतो. नजर समोर ठेवायची, खूण ओळखायची, कोणतं पाऊल कुठे ते ठरवायचं आणि वेळेत टाकायचं. सिडनीतल्या संशोधकांनी ६५ वर्षांवरच्या ७६९ लोकांवर वर्षभर केलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी मॅटवर पावलांचे गेम खेळणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण, असं काही न करणाऱ्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी निघालं. आठवड्याला १२० मिनिटं खेळा, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्याच प्रयोगात एक गट बसून, फक्त बोटांनी गेम खेळत होता. त्या गटात खात्रीने म्हणावी अशी घट दिसली नाही. सोफ्यावरचं टेनिस मला का खटकलं ते यावरून कळेल.

एक गोष्ट आधीच सांगते. गेममध्ये जादू नाही. तोलाचा साधा व्यायाम नियमित केला तरी पडणं कमी होतं, याचा पुरावा गेमपेक्षा कितीतरी जुना आणि भक्कम आहे. गेमची खरी ताकद ही की माणूस दुसऱ्या दिवशी परत खेळायला उभा राहतो. "दहा वेळा टाचा उचला" असं कागदावर लिहून दिलं तर आठवडाभरात तो कागद फ्रीजवरच्या चुंबकाखाली पिवळा पडू लागतो.

सुरू करण्याआधी कोणाला विचारायचं

पुढीलपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग गेम: गेल्या वर्षभरात दोनदा किंवा जास्त वेळा पडणं, पडून बेशुद्ध होणं, गरगरणं, छातीत दुखणं, अलीकडे झालेलं खुब्याचं, गुडघ्याचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन, फिट येण्याचा इतिहास. शेवटचं विशेष ध्यानात ठेवा, कारण पडद्यावरच्या लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांनी गेम खेळू नये असं मुळीच नाही, पण त्यांची सुरुवात फिजिओथेरपिस्ट शेजारी उभा असतानाच व्हावी.

घरी बीपीचं यंत्र असेल तर एक तपासणी स्वतः करा. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना रक्तदाब कोसळतो आहे. अशांना गेमआधी गोळ्यांचा आढावा हवा. झोपेच्या गोळ्या, बीपीच्या एकाहून जास्त गोळ्या आणि प्रोस्टेटसाठीची काही औषधं यांवर मी आवर्जून बोट ठेवते. मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फक्त हे आकडे दाखवा.

मधुमेह असेल तर उपाशीपोटी खेळू नका, आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवा.

पहिल्या दिवशी गेम नाही, मोजमाप

एक वही घ्या. जुनं कॅलेंडरही चालेल. तीन चाचण्या आहेत, तिन्ही अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ज्येष्ठांच्या तपासणीसाठी सुचवलेल्या. त्या करताना दुसरं माणूस शेजारी हवंच.

पहिली चाचणी उभं राहण्याची. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी उभं राहा, हात ओट्यापासून सुटे पण जवळ. आधी दोन्ही पाय जुळवून. मग एका पायाच्या तळव्याची आतली मधली बाजू दुसऱ्याच्या अंगठ्याला लागेल इतका तो पाय पुढे घेऊन. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, दोरीवर उभं असल्यासारखं. शेवटी एका पायावर. प्रत्येक वेळी दहा सेकंद. दोरीसारखं उभं राहणं दहा सेकंद जमलं नाही तर पडण्याचा धोका जास्त आहे असं धरा.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात नसलेली, न हलणारी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, ती फरशीवर सरकते. हात छातीवर बांधायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. वय ६५ ते ६९ असेल तर पुरुषांना किमान १२, बायकांना ११ जमावेत. ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य.

तिसरी चाचणी चालण्याची. खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर जपायला हवं. घड्याळाबरोबर वळणंही बघा. तोल कच्चा असलेला माणूस सहा-सात बारीक पावलं टाकत, अख्खा खांब फिरवावा तसा वळतो.

हे आकडे तारखेसह लिहून ठेवा. गेम जे गुण दाखवेल त्यांच्यापेक्षा हे जास्त खरे आहेत.

कोणतं साधन घ्यावं

माझी पहिली पसंती डान्स मॅटला. यूएसबीने लॅपटॉपला जोडायची घडीची मॅट ऑनलाइन मिळते. तिच्यावर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण असतात आणि मधला चौकोन उभं राहण्यासाठी मोकळा. त्यावर चालणारा स्टेपमेनिया हा गेम फुकट आहे. लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडला की झालं. पडद्यावर बाण खालून वर सरकत येतात, वरच्या ठरलेल्या रेषेवर पोचले की त्या दिशेला पाऊल टाकायचं. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये गेमिंग सेंटरमधल्या पोरांसाठी काढलेल्या डान्स डान्स रिव्होल्यूशनची ही पद्धत.

निनटेंडो या जपानी कंपनीच्या वी या गेमच्या संचाचा बॅलन्स बोर्ड २००७ साली वी फिट या व्यायामाच्या गेमबरोबर आला. चार कोपऱ्यांत चार वजन-संवेदक असलेली ती पाटी कोणत्या पायावर किती भार आहे ते अचूक दाखवते, म्हणून जगभरच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत ती वापरली गेली. आता तो संच जुना झाला. कोणाकडे कपाटात पडून असेल तर अवश्य बाहेर काढा. अंग एका बाजूला झुकवून चेंडू भोकात पाडायचा त्यातला खेळ, ज्यांचा सगळा भार एकाच पायावर असतो त्यांच्यासाठी उत्तम. पण पाटीला उंची आहे. खेळाच्या भरात माणूस ती विसरतो आणि मागे पाऊल टाकतो. त्यामुळे बोर्डावर जाणं-उतरणं नेहमी कोणाचा तरी हात धरून. शिवाय बोर्डावर पाऊल टाकता येत नाही, फक्त झुकता येतं. सुरुवातीचे काही आठवडे ठीक, कायमसाठी अपुरं.

निनटेंडोचाच स्विच हा संच घरात असेल तर स्विच स्पोर्ट्समधलं बोलिंग किंवा टेनिस उभं राहून, प्रत्येक फटक्याला मुद्दाम एक पाऊल टाकून खेळता येतं. मुद्दाम म्हणते, कारण मशीन पाऊल मोजत नाही, हात मोजतं. जस्ट डान्स या नाचाच्या गेमचंही तेच: फोन किंवा कंट्रोलर उजव्या हातात असतो आणि गुण त्या हाताचे मिळतात. पलंगावर बसूनसुद्धा पाच तारे मिळतात. रिंग फिट ॲडव्हेंचर हा स्विचवरचा व्यायामाचा गेम जागेवरच धावायला आणि गुडघे वाकवायला लावतो. गुडघेदुखी असलेल्या सत्तरीच्या माणसाला तो मी सुरुवातीला देत नाही.

स्टेपमेनियात काय बदलायचं

हे काम नातवंडांवर सोपवा, त्यांची एक दुपार पुरते. मूळ गेम वेगवान पोरांसाठी आहे, तो तसाच सुरू केला तर आजी पहिल्या मिनिटाला खाली उतरतील आणि पुन्हा चढणार नाहीत.

पर्यायांत जाऊन चुका झाल्या तरी गाणं मध्येच थांबू नये अशी सोय करा, त्याला तिथे फेल ऑफ म्हणतात. नो जंप्स चालू करा म्हणजे दोन बाण एकदम येणार नाहीत आणि उडी मारावी लागणार नाही. पातळी बिगिनर. गाण्याची गतीही कमी करता येते. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बाण दिसण्यात आणि पाऊल नोंदवण्यात फरक पडतो आणि माणूस उगाच स्वतःला मंद समजतो.

मग सगळ्यात छान काम: त्यांच्या आवडीचं गाणं. स्टेपमेनियातल्या एडिट मोडमध्ये कुठलंही एमपीथ्री गाणं घालून त्यावर आपले बाण बसवता येतात. संथ लयीचा अभंग किंवा भावगीत निवडा. मिनिटाला साठ ठोके असलेल्या गाण्यात चार ठोक्यांना एक बाण ठेवला तर दर चार सेकंदांनी एक पाऊल पडतं. सुरुवातीला हा वेग पुरेसा आहे. पुढे दोन ठोक्यांना एक, मग अधूनमधून लागोपाठ दोन. एका काकूंनी पहाटे ऐकायच्या अभंगावर बाण बसवून घेतले आणि त्यानंतर मला त्यांना खेळायची आठवण करावी लागली नाही.

खोलीची तयारी

पॉलिश केलेल्या फरशीवर घडीची मॅट सरकते. माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका घरी मी मॅट नुसतीच फरशीवर अंथरली. नात शेजारी उभी राहून आजीशी स्पर्धा करत होती, मी वेग वाढू दिला आणि उजव्या बाणावर पाऊल पडताच मॅट चार बोटं सरकली. आजी खुर्ची धरत अलगद खाली बसल्या, लागलं नाही. पण महिनाभर त्यांनी मॅटवर पाय ठेवला नाही. तेव्हापासून मॅटखाली रबराची जाळीदार घसरणरोधक चटई आणि चारही कडांना रुंद कापडी चिकटपट्टी लावल्याशिवाय मी कोणाला उभं करत नाही. सतरंजीवर किंवा गालिच्यावर मॅट टाकू नका, तिला सुरकुत्या पडतात.

मॅटच्या मागे हातभर अंतरावर भिंत असावी. पुढे, मॅटच्या कडेला लागून, जड खुर्ची, तिची पाठ खेळणाऱ्याकडे. खुर्ची हलकी असेल तर तिच्या बैठकीवर पाच-दहा किलोची गव्हाची पिशवी ठेवा. खुर्चीच्या वरून टीव्ही दिसायला हवा. टीपॉय, वायरी, पायपुसणी, खेळणी सगळं बाहेर. कुत्रा-मांजर असेल तर दार लावून घ्या. फोन सायलेंटवर आणि दुसऱ्या खोलीत.

पाय अनवाणी. मोजे नकोत, सपाताही नकोत. मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर मात्र पातळ, कडक तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घाला, आणि खेळ झाल्यावर तळपाय नीट बघा. साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या चार बोटं वर खोचा, पदर कमरेला. गाऊन जमिनीवर लोळणारा नको. चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचांचा असेल तर खाली पाहताना फरशी धूसर दिसते. लांबचं पाहायचा साधा चष्मा असेल तर तो लावा.

जवळच्या माणसाने कुठे उभं राहायचं, हेही ठरवा. खेळणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे, त्यांची जी बाजू कच्ची असेल त्या बाजूला, एक हात कमरेजवळ पण न टेकवता. दंड धरू नका. तोल जाताना दंड ओढला तर माणूस आणखी फिरतो आणि खांदा दुखावतो. धरायचंच तर कमरेला. पट्टा किंवा घट्ट बांधलेली ओढणी असेल तर पकड मिळते.

बारा आठवडे

पहिले दोन आठवडे टीव्ही बंद. आठवड्यातून चार दिवस, रोज दहा मिनिटं. मधल्या चौकोनात उभं राहा, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. घरातलं माणूस "पुढे", "डावीकडे" असं सांगेल, त्या बाणावर पाऊल टाका, भार त्या पायावर येऊ द्या आणि परत मध्ये या. बहुतेकजण भार न टाकता नुसता अंगठा टेकवतात. मॅटला तेवढं पुरतं, शरीराला नाही. ओळखायची खूण सोपी: पाऊल टाकल्यावर मागे राहिलेल्या पायाची टाच सहज उचलता आली पाहिजे. दोन्ही पायांना सारखी पाळी द्या. "डावीकडे" म्हटलं की डावाच पाय, उजवा त्याच्यावरून आडवा टाकायचा नाही.

मागचा बाण सगळ्यांना छळतो. माझ्याकडच्या एका काकू, वय बहात्तर, पुढे-डावे-उजवे व्यवस्थित करायच्या. मागे म्हटलं की अंग पुढे झुकायचं, बोटांची पकड खुर्चीवर पांढरी पडायची, टाच हवेत तरंगायची आणि चवडा जेमतेम बाणाला शिवून परत यायचा. चार दिवस मी समजावलं, काही उपयोग झाला नाही. पाचव्या दिवशी सहज विचारलं, "काकू, फोडणी तडतडून अंगावर आली तर काय करता?" त्या झर्रकन मागे सरकल्या. पूर्ण पाऊल, टाच टेकलेली, पाठ ताठ. "हेच," म्हटलं. नंतर त्या स्वतःच प्रत्येक मागच्या बाणाला "फोडणी" म्हणायच्या. मागचं पाऊल असं ओढूनताणून शिकवण्याइतकं महत्त्वाचं आहे, कारण फ्रीजचं दार ओढताना, वरच्या फडताळातला डबा काढताना माणूस मागेच जातो आणि तिथे धरायला काही नसतं.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात टीव्ही सुरू. चार सेकंदांना एक बाण, एक हात खुर्चीवर. गाणी दोन-तीन, प्रत्येक गाण्यानंतर बसून दोन मिनिटं विश्रांती. एकूण पंधरा ते वीस मिनिटं. नजर पडद्यावर हवी. पहिल्या दिवसांत सगळे पायांकडे बघतात, तेव्हा रागावू नका, गाणं थांबवा आणि बाण न बघता चारही दिशांना दोनदा पावलं टाकून घ्या.

पुढे कधी जायचं याचा माझा नियम असा: लागोपाठ दोन दिवस दहापैकी आठ पावलं बरोबर, खुर्ची झटकन पकडावी लागली नाही आणि खेळताना पूर्ण वाक्य बोलता येतं. तिन्ही जमलं तरच एक गोष्ट अवघड करा, आणि एका वेळी एकच. आधी हाताचा आधार कमी करा: पूर्ण हात, मग दोन बोटं, मग हात फक्त खुर्चीच्या वर. त्यानंतर वेग. त्यानंतर गुंतागुंत. घरचे लोक उत्साहाने आधी वेग वाढवतात, तिथेच घोटाळा होतो.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात रोज २५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, हात खुर्चीच्या वर पण सुटे. दोन-तीन सेकंदांना एक बाण. सहावा आठवडा संपला की चाचण्या पुन्हा करा. काहींचे आकडे सुधारलेले नसतात. तेव्हा बघा की पाऊल टाकताना भार जातोय का. नसेल तर दोन आठवडे मागे या, यात लाजण्यासारखं काही नाही.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात ३० मिनिटं, चार दिवस, म्हणजे सिडनीच्या लोकांना सांगितलेली १२० मिनिटं. आता डोक्यालाही काम द्या. स्टेपमेनियात माइन नावाच्या खुणा घालता येतात, त्यांच्यावर पाऊल टाकायचं नसतं. खूण दिसली की पाय उचलायची सवय लागलेली असते, ती ऐनवेळी रोखणं हा फार मोलाचा सराव आहे. खेळता खेळता गप्पाही मारा: नात्यातल्या मुलांची नावं, सात वारांचे उपवास, शंभरातून तीन-तीन वजा करत जाणं. पावलं चुकायला लागली तर गप्पा थांबवा, पावलं नाही.

दर दिवशी खेळाच्या शेवटी पाच मिनिटं ताकदीला: खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, ओटा धरून दहा वेळा टाचा उचलणं, दहा वेळा चवडे उचलणं. गेम पाऊल कुठे टाकायचं ते शिकवतो, ते पाऊल पेलायला मांडी आणि पोटरी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही ज्येष्ठांसाठी तोल आणि ताकद दोन्हींचा एकत्र व्यायाम, आठवड्यातून किमान तीन दिवस, असंच म्हटलेलं आहे.

कधी थांबायचं

छातीत दाब, धाप लागून बोलता न येणं, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक एका बाजूला अशक्तपणा, यापैकी काहीही झालं तर गेम बंद आणि लगेच डॉक्टर. गुडघा खेळताना थोडा दुखला आणि तासाभरात थांबला तर चालेल, पावलं आखूड करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेला दिसला तर तीन दिवस विश्रांती आणि परतल्यावर वेळ निम्मी. ताप, जुलाब, रात्रभर झोप नाही, नवी गोळी सुरू झाली, अशा दिवशी खेळायचं नाही. जेवणानंतर तासभर थांबा. माझ्या अनुभवात सकाळी चहा-नाश्त्यानंतरची वेळ सर्वांत बरी, तेव्हा घरात कोणी तरी असतंही.

स्पर्धेबद्दल. नातवंडांबरोबर खेळणं फार चांगलं, पण एकाच मॅटसमोर आजी आणि नात शेजारी-शेजारी असं नको. आळीपाळीने खेळा. नात खेळताना आजी खुर्चीत बसून ओरडतील, तीच त्यांची विश्रांती. गुणांची तुलना करायची तर आजींच्या कालच्या गुणांशी.

बारा आठवड्यांनंतर

थांबलात तर कमावलेलं काही महिन्यांत विरतं, तोल बँकेत ठेवता येत नाही. आठवड्याला तीन दिवस चालू ठेवा. दर तीन महिन्यांनी तीच तीन मोजमापं, त्याच खुर्चीवर, त्याच वहीत. दोरीसारखं उभं राहण्याचे सेकंद घसरायला लागले की पडण्याआधीच कळतं.

वीज गेली, गावी गेलात, लॅपटॉप नातवाने नेला, तर खडूने फरशीवर पाच चौकोन काढा आणि तळ्यात-मळ्यात खेळा. उड्यांऐवजी पावलं, दोनऐवजी चार दिशा, आणि हाताशी तीच जड खुर्ची. नाव घेणारा मध्येच फसवतो, "तळ्यात" म्हणता म्हणता "मळ्यात" म्हणतो, आणि पाय उचलणाऱ्याला ऐनवेळी थांबावं लागतं. माइनने जे होतं तेच, वायरीशिवाय. त्या बहात्तर वर्षांच्या काकू दिवाळीत माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी अंगणात असेच चौकोन काढले. नाव घ्यायला त्यांची थोरली बहीण होती, वय एकोणऐंशी, आणि दोन दिवसांनी काकूंनी मला फोन करून विचारलं, "ताईलाही मागचं पाऊल जमत नाहीये, तिला फोडणीचं सांगू का?"